मुक्काम आधी, वाट मागून

(लेखमाला : डोंगरवाटांची तयारी – भाग ५)

गेल्या भागात आपण नकाशावरच्या समोच्च रेषा वाचायला शिकलो. या भागात त्या रेषांवर चार दिवसांची चाल आखायची आहे. उदाहरण म्हणून घेतली आहे स्लोव्हेनियातल्या ज्युलियन आल्प्समधली त्रिग्लाव सरोवरांची दरी. बोहिन्य तलावाच्या डोक्यावर ही दरी आहे. खाली बीचचे दाट रान, त्यावर स्प्रूस, त्याहून वर लार्च आणि शेवटी उघडा पांढरा चुनखडक. १९२४ साली या दरीला पहिल्यांदा संरक्षण मिळाले. १९६१ मध्ये त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८१ मध्ये ते वाढवून सुमारे ८४० चौरस किलोमीटरचे केले. त्रिग्लाव म्हणजे तीन डोक्यांचा डोंगर, उंची २,८६४ मीटर. त्यातला ‘त्रि’ आपल्या त्रिकूट-त्रिशूळातलाच. भाषेचे हे जुने नाते नकाशावर बोट ठेवताच भेटते आणि परका डोंगर थोडा ओळखीचा वाटू लागतो.

सह्याद्रीत आपली सवय अशी, की वाट पक्की असते आणि मुक्काम जमेल तिथे. गडावरचे देऊळ, एखादी गुहा, नाहीतर पायथ्याच्या गावात कुणाची ओसरी. पथारी टाकली की झाले. त्रिग्लावच्या उद्यानात असे चालत नाही. तिथे उघड्यावर तंबू ठोकायला बंदी आहे. रात्र काढायची ती डोंगरातल्या निवारघरात. स्लोव्हेन भाषेत त्याला ‘कोचा’ म्हणतात, मोठे असेल तर ‘दोम’. तिथे खाट मिळाली, तरच ती वाट आपली. म्हणून या प्रकारच्या भटकंतीचा पहिला नियम शीर्षकातच दिला आहे: मुक्काम आधी, वाट मागून.

दुपारी तीनपासून उलटे मोजा

जुलै-ऑगस्टमध्ये आल्प्समधली सकाळ बहुधा निरभ्र असते. ऊन चढते तसे ढग वाढत जातात आणि दुपारनंतर गडगडाट सुरू होतो. आपण पावसाला सरावलेले लोक. भिजण्याची आपल्याला भीती नसते. पण उघड्या कड्यावर विजेत सापडणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यामुळे दिवसाचा हिशेब सकाळपासून पुढे मांडू नका. दुपारी तीनला कोचाच्या दारात पोचायचे, एवढे ठरवा आणि तिथून मागे मोजत या.

मोजायचे ते तासांत. तिथले लाल दिशाफलकही पांढऱ्या अक्षरांत तासच सांगतात. आल्प्समध्ये रुळलेला ठोकताळा असा: चढ ताशी ३०० मीटर, उतार ताशी ५०० मीटर, आडवी चाल ताशी ४ किलोमीटर. चढउताराचा वेळ आणि आडव्या चालीचा वेळ वेगवेगळे काढा. जो मोठा असेल तो पूर्ण घ्या, लहान असेल त्याचा निम्मा त्यात मिळवा.

आपला पहिला दिवस या हिशेबात बसवून पाहू. सावित्सा धबधब्याजवळचे कोचा ६५३ मीटरवर, कोम्नावरचे दोम १,५२० मीटरवर. चढ ८६७ मीटर, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडे जास्त. आडव्या चालीचा निम्मा वेळ धरला की साडेतीन तासांच्या घरात जाते. फलकावरचा वेळ साधारण अडीच तासांचा आहे, पण तो सरावलेल्या पायांचा आणि न थांबता चालण्याचा. पाठीवर आठ-नऊ किलो घेऊन पहिल्याच दिवशी चढणाऱ्याने साडेतीन तास धरावेत, वर एक तास विसाव्याचा. तीनातून साडेचार वजा केले की साडेदहा उरतात. सावित्साहून निघायची ही शेवटची वेळ. बस किती वाजताची घ्यायची, हे आता आपोआप ठरले.

चार दिवस, तीन रात्री

पहिला दिवस कोम्नाचा. ही वाट पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रो-हंगेरियन सैन्याने बांधली. पलीकडे इसोंझो नदीची आघाडी होती आणि तिथे दारूगोळा, धान्य पोचवायचे होते. ओझ्याची खेचरे चढू शकतील एवढाच चढ ठेवून बीचच्या रानातून वळणांमागून वळणे काढली आहेत. आपल्याकडे लमाणांच्या बैलांसाठी घडलेल्या जुन्या घाटवाटा आठवा. जनावराच्या पायाला मानवणारी वाट माणसाच्या गुडघ्यांनाही मानवते. सावित्साहून सरोवरांकडे जाणारी दुसरी वाटही आहे, कोमार्चाच्या कड्यातून. ती जवळची, पण खडी, जागोजागी लोखंडी दोर धरून चढायची. कोरड्या दिवशी सरावलेल्याने ती चढावी. ओल्या खडकावर आणि उतरायला ती घेऊ नये.

दुसरा दिवस मुद्दाम सोपा ठेवला आहे. कोम्नाहून सरोवरांच्या कोचापर्यंत अडीच-तीन तास. ही सगळी चाल रानातली. शेवाळलेले धोंडे, मधेच खोल खड्डे, त्यांना वळसा घालत जाणारी पायवाट. इथे डोळे झाडांच्या खोडांवर ठेवा. लाल कडे आणि आत पांढरा ठिपका, तळहाताएवढी खूण. आलोइझ क्नाफेल्त्स यांनी १९२२ मध्ये ही पद्धत सुचवली आणि आज स्लोव्हेनियाच्या सगळ्या डोंगरवाटा याच खुणेने बांधलेल्या आहेत. खोड ओले झाले की लाल रंग अधिकच उठून दिसतो. दहा-पंधरा मिनिटांत खूण दिसली नाही, तर पुढे रेटू नका. शेवटची खूण जिथे दिसली तिथे परत या आणि नव्याने शोधा.

त्या दिवशीचा मुक्काम १,६८५ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून थोडा उंच. कोचासमोर जोडसरोवर आहे. त्याचे नाव ‘द्वोय्नो येझेरो’, आणि त्या ‘द्वोय्नो’तही आपला ‘द्वि’ लपलेला आहे. पाणी कितीही बोलावो, त्यात उतरायचे नाही. या सरोवरांत पोहायला मनाई आहे. पाणी थोडे, थंड आणि नाजूक. अंगावरचे तेल, मलम, साबण पचवण्याची त्याची ताकद नाही.

तिसऱ्या दिवशी मुक्काम हलवायचा नाही. जड सामान कोचात ठेवून, लहान पिशवी घेऊन दरीच्या डोक्यापर्यंत जाऊन यायचे. प्रेहोदाव्त्सीचे कोचा २,०७१ मीटरवर आहे. तिथवर अडीच तास, परत दोन तास. वाटेत लार्च विरळ होतात, जमिनीसरपट वाढणारा बुटका पाइन लागतो, मग तोही संपतो. पुढे मूत्रपिंडाच्या आकाराचे मोठे सरोवर. तिथले लोक त्याला लेद्वित्सा, म्हणजे मूत्रपिंडच म्हणतात. त्यापुढे हिरवे सरोवर. आजूबाजूचा चुनखडक पावसाच्या पाण्याने असा चिरला आहे, की जणू नांगर फिरवला आहे. इथल्या लोककथेत सोन्याच्या शिंगांचा झ्लातोरोग हा रानबोकड आपल्या हिरव्या बागेचे रागाने असे खडकाळ रान करून टाकतो. ती कथा इथेच का जन्मली, हे त्या खडकांत उभे राहिले की पटते. सकाळी सातला निघा. अकरा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा, माथा समोर दिसत असला तरीही.

चौथ्या दिवशी श्ताप्त्सेच्या खिंडीवर चढून उन्हाळी कुरणांच्या बाजूने उतरायचे. या कुरणांना ‘प्लानिना’ म्हणतात. उन्हाळ्यात गुरे घेऊन वर यायचे, लाकडी खोपटांत राहायचे, चीज करायचे, असा हा जुना रिवाज. आपल्या धनगरवाड्यांची ओळख असलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. प्लानिना प्री येझेरू १,४५३ मीटरवर, तिथवर तीन तास. पुढे स्तारा फुझिना गावापर्यंत आणखी अडीच-तीन. विसावे धरून साडेसात तास होतात, म्हणून साडेसातला कोचा सोडायचे. चार दिवसांतला हाच सर्वांत लांब दिवस. तो शेवटी ठेवला, कारण तोवर पाय तयार झालेले असतात आणि पिशवी हलकी झालेली असते.

पाण्याचा प्रश्न

आराखड्यात बहुतेकांचे चुकते ते पाण्यात. या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या रानात झरे सापडतीलच, असे गृहीत धरून लोक एक बाटली घेऊन निघतात आणि तासन्‌तास कोरडे चालतात. कारण पायाखाली आहे. चुनखडक पाणी धरत नाही. पडलेला थेंब भेगांतून आत जातो आणि डोंगराच्या पोटातून वाहत खाली कुठेतरी बाहेर येतो. कोमार्चाच्या वर रानात चर्नो येझेरो, म्हणजे काळे सरोवर आहे. त्यातून बाहेर पडणारा ओढा दिसत नाही. ते पाणी खडकातून झिरपत जाते आणि खाली सावित्साचा ७८ मीटरचा धबधबा होऊन उघड्यावर येते.

म्हणून उंचावरच्या कोचांना छपरावरचे पावसाचे पाणी साठवावे लागते. आपल्या गडांवर कातळात खोदलेली टाकी ज्या कारणाने आहेत, त्याच कारणाने. चार महिने धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी टाके, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. तीच जाण इथे वापरा. प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी सकाळी भरून निघा. कोचातल्या नळाचे पाणी पिण्याजोगे आहे का, हे विचारल्याशिवाय पिऊ नका. बहुतेक ठिकाणी बाटलीबंद पाणी विकत घ्यावे लागते, आणि ते महाग असते, कारण ते वर आणायला हेलिकॉप्टर किंवा सामानाचा रोपवे लागतो. अंघोळीची अपेक्षा धरू नका.

कोचातले वागणे

दारातच बुटांचे फडताळ असते. बूट आणि काठ्या तिथे ठेवायच्या, घरातल्या सपाता घालून आत जायचे. झोपायची सोय बहुधा सामायिक खोलीत, एकाला एक लागून असलेल्या गाद्यांवर. पांघरूण मिळते, पण त्याच्या आत घालायची पातळ शिवलेली चादर-पिशवी आपली न्यायची. रात्री दहानंतर शांतता. पहाटे निघायचे असेल तर सामान रात्रीच बांधून ठेवा. पाच वाजता प्लॅस्टिकच्या पिशव्या खुळखुळवणे हा शेजाऱ्यावर अन्याय आहे. आपला कचरा आपण खाली न्यायचा. रोख युरो जवळ ठेवायचे.

जेवणात बार्लीचे दाट कढण असते, त्याला ‘रिचेत’ म्हणतात. आंबट कोबी आणि घेवड्याची ‘योता’ असते. बकव्हीटच्या पिठाचे ‘झ्गान्त्सी’ असतात. शिजवून काट्याने मोकळे केलेले, उकडपेंडीच्या जवळचे, सोबत आंबट दूध. शाकाहारी माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. रिचेत-योतात धुरावलेले डुकराचे मांस आणि झ्गान्त्सीवर चरबीची कुरकुरीत फोडणी सर्रास असते. ‘ब्रेझ मेसा’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द मागणी देतानाच सांगा.

तयारीचे वेळापत्रक

उंचावरच्या कोचांचा हंगाम साधारण जूनअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत. जूनमध्ये वरच्या घळींत बर्फ उरलेले असते. ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी सगळा स्लोव्हेनिया डोंगरात असतो. १५ ऑगस्टला तिथेही सार्वजनिक सुटी असते. त्या दिवशी हरिश्चंद्रगडावर किती गर्दी होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला वेगळे सांगायला नको. रविवारी वर जा, बुधवारी उतरा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्याला राहण्याचा तपशील जोडावा लागतो, म्हणून क्रम असा ठेवा: आधी कोचांना लिहून तिन्ही रात्रींच्या खाटा पक्क्या करा, मग व्हिसा, मग बाकीचे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पण त्यात डोंगरातून सुटका करून आणण्याचा खर्च येतोच असे नाही. विम्याच्या कागदात ते कलम स्वतः वाचा आणि नसेल तर मागून घ्या. संकटात फिरवायचा क्रमांक ११२. बेत बदलला, तर कोचाला तत्काळ कळवा. आपण अडवून ठेवलेली रिकामी खाट म्हणजे दुसऱ्या कुणाची हुकलेली वाट.

पुढच्या भागात पाठीवरच्या ओझ्याचा विचार करू. तोवर एक काम करा. कागदावर चार ओळी आखा, एकेका दिवसाची एक. प्रत्येकीत पाच रकाने: मुक्काम, पोचायची वेळ, निघायची वेळ, पाणी, माघारीची वाट. आपल्या उदाहरणात हा पाचवा रकाना असा भरतो: पहिल्या-दुसऱ्या दिवशी खेचरांच्या वाटेने खाली, तिसऱ्या दिवशी कोचातच विश्रांती, चौथ्या दिवशी पाऊस असेल तर खिंड सोडून पुन्हा कोम्नावरून. तुमच्या आराखड्यात एखाद्या दिवसासमोर हा रकाना भरता येत नसेल, तर तो दिवस बदला.