दुसरा कान चांगला आहे, म्हणून?

मूल अर्धवट कान घेऊन जन्मलं, की आपल्याकडे पहिलं बोट आईकडे जातं: ग्रहणात काही चिरलं असेल. ग्रहणाचा इथे काडीचाही संबंध नाही. गर्भात बाहेरचा व मधला कान एका जागेतून घडतो, आतला दुसऱ्या जागेतून. म्हणून पाळी इवलीशी आणि छिद्र बंद असलं, तरी आतला शंख बहुधा शाबूत असतो. साधारण सहा ते दहा हजार जन्मांमागे असं एक मूल. बहुतेकदा एकच कान, तोही जास्त करून उजवा. कानामागच्या हाडावर दिलेला कंप बंद वाट टाळून थेट शंखाला पोचतो. याच तत्त्वावरचं श्रवणयंत्र तान्ह्या बाळालाही डोक्याच्या पट्ट्यात बसवून लावता येतं.

पण ‘दुसरा कान चांगला आहे, पोर बोलतंय, मग कशाला?’ असं म्हटलं जातं. बोलणं येतं, हे खरंच. अडतं ते गोंगाटात. आवाज कुठून आला, हे मेंदू दोन कानांतल्या सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी फरकावरून ओळखतो; शिवाय ‘स’, ‘श’सारखे बारीक ध्वनी बंद कानाच्या बाजूने आले तर डोक्याच्या आडोशाने क्षीण होतात. नामपूरसारख्या कांद्याच्या बाजाराच्या गावातली शाळा घ्या. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला किंवा पत्र्यावर पाऊस कोसळला, की अशा मुलाच्या हातून बाईंचं अर्धं वाक्य निसटतं, आणि शेरा बसतो ‘लक्ष नसतं’. अमेरिकेत 1980च्या दशकात बेस आणि थार्प या संशोधकांना एका कानाने कमी ऐकणारी सुमारे एकतृतीयांश मुलं एखाद्या इयत्तेत मागे राहिलेली आढळली. त्या मुलांचा दोष नसेचा होता, बंद कानाचा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. केसर यांनी 2013मध्ये फक्त बंद कानाच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा एकही मागे राहिलेलं नव्हतं. मात्र जवळपास दोनतृतीयांश मुलांना शाळेत जादा मदत लागली होती. मला हाच आकडा बोलका वाटतो. मदत मिळाली म्हणून ती टिकली असावीत.

चिडवणं खरं असतं, ते जिव्हारी लागतं. त्यावर उपाय म्हणून बरगडीच्या कूर्चेतून पाळी घडवण्याची शस्त्रक्रिया वयाच्या सहाएक वर्षांनंतर होते. मात्र नुसत्या पाळीने ऐकू येत नाही, म्हणून श्रवणचाचणी तोवर थांबवू नये. 2013पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. तिथे चांगल्या कानाचीही चाचणी मागावी. 2016चा दिव्यांग कायदा दोन्ही कानांचा ऱ्हास मोजतो, त्यामुळे या मुलांना सहसा प्रमाणपत्र मिळत नाही. बाक मात्र प्रमाणपत्राशिवाय बदलता येतो: उजवा कान बंद असेल तर फळ्याकडे तोंड करून वर्गाच्या उजव्या कडेला, पुढच्या ओळीत, म्हणजे डावा कान बाईंकडे आणि वर्गाकडेही राहतो.