मस्तिष्कस्तंभातील दुय्यम कर्करोग आणि नेत्रगतीचे विकार

दोन्ही डोळे एकाच वेळी एकाच दिशेस वळतात, ही क्रिया इतकी सहज घडते की तिच्यामागील यंत्रणेचा विचार सहसा केला जात नाही. प्रत्येक डोळ्यास सहा स्नायू फिरवितात. त्यांचे नियंत्रण करणाऱ्या तिसऱ्या व चौथ्या मज्जातंतूंची केंद्रे मध्यमेंदूत, तर सहाव्याचे केंद्र सेतूत, म्हणजे पॉन्समध्ये असते. या केंद्रांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडीमुळे दोन्ही डोळ्यांच्या हालचालींत मेळ राहतो.

फुप्फुस, स्तन आदी अवयवांतील कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे मेंदूत पोहोचतात. त्यांपासून होणाऱ्या बहुतांश गाठी मोठ्या मेंदूत आढळतात. मस्तिष्कस्तंभात त्या क्वचित होतात. तथापि तेथील जागा अत्यंत अरुंद असल्याने लहानशी गाठही नेत्रगती बिघडविण्यास पुरेशी ठरते.

बिघाडाच्या स्वरूपावरून गाठीच्या स्थानाचा अंदाज बांधता येतो. मध्यमेंदूच्या मागील भागावर दाब आल्यास दृष्टी वर नेता येत नाही. सेतूच्या डाव्या बाजूस केंद्र व जुडी दोन्ही बाधित झाल्यास रुग्णाचे दोन्ही डोळे डावीकडे वळत नाहीत. उजवीकडे पाहताना डावा डोळा जागीच राहतो आणि केवळ उजवा बाहेर सरकतो. एका दिशेची संपूर्ण व दुसऱ्या दिशेची अर्धी हालचाल गेल्यामुळे मिलर फिशर यांनी १९६७ साली यास ‘दीड’ लक्षणसमूह असे समर्पक नाव दिले.

मात्र हा नकाशा सर्वस्वी विश्वसनीय नव्हे. कवटीतील दाब वाढल्यास गाठ अन्यत्र असूनही सहावा मज्जातंतू दुबळा होऊ शकतो.

रुग्णाची तक्रार बहुधा ‘एकाच्या दोन वस्तू दिसतात’ एवढीच असते आणि तो प्रथम चष्म्याच्या दुकानाकडे वळतो. कोणताही एक डोळा झाकताच दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर दोष डोळ्यांच्या समन्वयात आहे. मधुमेहातही असे घडते. परंतु पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत मधुमेहावर बोट ठेवून थांबणे धोक्याचे आहे. अशा वेळी एमआरआय तपासणी विनाविलंब व्हावयास हवी.

येथील शस्त्रक्रिया जोखमीची असल्याने सूज उतरविण्यासाठी डेक्सामेथासोन व गाठीवर नेमके केंद्रित केलेले किरणोपचार यांचा अवलंब होतो. काही फुप्फुस-कर्करोगांत मेंदूपर्यंत पोहोचणारी लक्ष्यवेधी औषधेही आता उपलब्ध आहेत. तोवर एका डोळ्यावर पट्टी बांधल्यास रुग्णास निदान जिना उतरता येतो.