चार मेगाबाइटांतले लिनक्स

लिनक्सवर चालणाऱ्या घरगुती राउटरमध्ये हार्ड डिस्क नसते. बूटलोडर, कर्नल, सगळे प्रोग्रॅम आणि वायफायचा पासवर्ड हे सारे एका लहानशा फ्लॅश चिपवर राहते. २००२ च्या अखेरीस आलेल्या लिंकसिस डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ही चिप ४ मेगाबाइटची होती आणि रॅम १६ मेगाबाइट. आत लिनक्स आहे हे उघड झाल्यावर जीपीएल परवान्याच्या अटीमुळे २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि २००४ मध्ये त्यावरच ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. राउटरवर आपले लिनक्स चढवण्याची रीत तेव्हापासून पडली. चढवलेले लिनक्स बूटच होत नाही, ही तक्रारही तेव्हापासूनचीच.

अशा वेळी सीरियल कन्सोलवर बहुधा एकच ओळ उरते: ‘अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक ३१,२’. यातला ३१ हा फ्लॅशवरच्या विभागांचा ठरलेला उपकरण क्रमांक आणि २ म्हणजे शून्यापासून मोजलेला तिसरा विभाग. कर्नल चालू झाले, रूट कुठे शोधायचे हेही त्याला कळले, पण तिथले लिखाण त्याला वाचता आले नाही. का आले नाही, हे मात्र ही ओळ सांगत नाही.

मूळ अडचण चिपच्या स्वभावात आहे. राउटरमध्ये वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या नॉर फ्लॅशमध्ये १ चा ० कधीही करता येतो. ० चा पुन्हा १ करायचा तर अख्खा इरेज ब्लॉक पुसावा लागतो. हा ब्लॉक सहसा ६४ किंवा १२८ किलोबाइटचा असतो आणि साधारण लाखभर वेळा पुसला की त्याचा भरवसा संपतो. डिस्कसाठी घडवलेल्या फाइल सिस्टिम इथे टिकत नाहीत. म्हणून राउटरमध्ये दोघींची जोडी लावतात: न बदलणारा भाग दाबून बसवायला स्क्वॉशएफएस आणि बदलणाऱ्या भागासाठी जेएफएफएस२. दुसरी पहिलीवर पारदर्शक थरासारखी पसरते. फॅक्टरी रीसेट म्हणजे हा वरचा थर पुसणे.

सर्वांत जास्त घोळ स्क्वॉशएफएसने घातला. खरे तर तिच्याशी जे केले गेले त्याने घातला. फिलिप लाउघर यांनी २००२ मध्ये ती प्रसिद्ध केली, पण मुख्य कर्नलमध्ये ती आली २००९ मध्ये, २.६.२९ या आवृत्तीत. मधल्या काळात तिची रचना पहिल्यापासून चौथ्या आवृत्तीपर्यंत बदलत गेली. त्यातच मूळ झेडलिबपेक्षा एलझेडएमए हे कॉम्प्रेशन अधिक घट्ट बसते आणि ४ मेगाबाइटांत शेकडो किलोबाइट वाचणे ही चैन नव्हे, गरज होती. मग ज्याने त्याने आपापल्या परीने एलझेडएमए जोडले. काहींनी आरंभीची ‘एचएसक्यूएस’ ही चार अक्षरांची खूण उलटसुलट करून ‘एसएचएसक्यू’ केली. ते निदान ओळखू तरी येते. खूण तीच ठेवून आतले बदलणारे अधिक तापदायक, कारण कर्नल विश्वासाने वाचायला जाते आणि पहिल्याच ब्लॉकवर अडते. फर्मवेअर उघडणाऱ्या साधनांत आजही अनस्क्वॉशएफएसच्या कितीतरी आवृत्त्या बाळगाव्या लागतात, त्या यामुळेच. एलझेडएमएच्याच कुळातले एक्सझेड कॉम्प्रेशन २०११ मध्ये २.६.३८ मध्ये अधिकृतपणे आले आणि नव्या उपकरणांपुरता हा प्रश्न मिटला.

जेएफएफएस२ चे दुखणे वेगळे. स्वीडनच्या ॲक्सिस कम्युनिकेशन्सने केलेल्या जेएफएफएसवरून रेड हॅटमध्ये डेव्हिड वुडहाउस यांनी २००१ मध्ये ती घडवली. तिची रीत खतावणीसारखी: जुन्या नोंदीत खाडाखोड नाही, बदल झाला की खाली नवी नोंद. प्रत्येक नोंदीच्या आरंभी षोडशमान १९८५ हा अंक असतो. पण बाइटांचा क्रम प्रोसेसरप्रमाणे ठरतो. ब्रॉडकॉमचा प्रोसेसर असलेल्या डब्ल्यूआरटी५४जीमध्ये तो लिटल एंडियन, ॲथेरॉसच्या एआर७१ मालिकेत बिग एंडियन. इमेज एकासाठी बांधून दुसऱ्यावर चढवली की कर्नलला ८५१९ दिसते. हा गोंधळ इतका नेहमीचा की त्यासाठी कोडमध्ये वेगळी तपासणीच आहे, आणि तिच्या स्थिरांकाचे नावही मूळ नावाची अक्षरे उलटी लिहून ठेवले आहे. प्रोग्रॅमरांचा विनोद असा असतो.

ब्लॉकचा आकारही जुळावा लागतो. १२८ किलोबाइटसाठी बांधलेली इमेज ६४ च्या चिपवर गेली तर नोंदी ब्लॉकची हद्द ओलांडतात. म्हणून ओपनडब्ल्यूआरटीच्या जुन्या याद्यांत ६४ आणि १२८ अशा वेगवेगळ्या इमेज असत. विभाग ब्लॉकच्या हद्दीवर सुरू होत नसेल तर कर्नल तो सक्तीने फक्त-वाचनीय करते; राउटर चालतो, पण सेटिंग जतन होत नाही. शिवाय जेएफएफएस२ ला किमान ५ ब्लॉक लागतात. कर्नल फुगले आणि ४ मेगाबाइटांत तेवढीही जागा उरली नाही, तर वरचा थर बसतच नाही. उलट ४ किलोबाइटचे छोटे ब्लॉक वापरावेत, तर जेएफएफएस२ ला किमान ८ किलोबाइटचे ब्लॉक हवेत आणि नंतर आलेल्या यूबीआयएफएस या फाइल सिस्टिमला १५ किलोबाइटचे.

नँड फ्लॅशवर हिशेबच बदलतो. तिथे कारखान्यातूनच काही ब्लॉक खराब येतात आणि वाचताना बिट उलटतात. २००७ मध्ये कर्नलमध्ये आलेला यूबीआय हा थर खराब ब्लॉक वगळून वर सलग जागा दाखवतो आणि २००८ ची यूबीआयएफएस त्यावर चालते. स्क्वॉशएफएस मात्र थेट नँडवर टाकली तर खराब ब्लॉक आला की तिची साखळी तुटते. ती यूबीआयवरच ठेवावी लागते. दुरुस्तीसाठीचे ईसीसी बाइट बूटलोडर एका पद्धतीने लिहीत असेल आणि कर्नल दुसऱ्या पद्धतीने तपासत असेल, तर धडधाकट डेटाही कर्नलला नादुरुस्त वाटतो. मग चिप बदलूनही उपयोग होत नाही. दोघांची ईसीसी पद्धत आणि जास्तीच्या बाइटांची मांडणी एकसारखी करावी लागते.