उभ्या उभ्या वॉर्म-अप!

सामन्याआधी सर मैदानाला फेऱ्या मारायला लावतात ना? पण एक वॉर्म-अप असा आहे, की त्यात पाऊलसुद्धा उचलायचं नाही. नुसतं उभं राहायचं!

काही जिममध्ये आणि खेळाडूंच्या सराव केंद्रांत थरथरणारं यंत्र असतं. बटण दाबलं की त्याची फळी सेकंदाला साधारण २५ ते ४० वेळा खाली-वर होते, तीही फक्त काही मिलिमीटर.

हलतं यंत्र आणि दमतात कोण? आपले स्नायू! स्नायूंच्या आत बारीक पहारेकरी असतात, मसल स्पिंडल नावाचे. स्नायू झटकन ताणला गेला की ते मज्जारज्जूला कळवतात. मेंदूला विचारायच्या आतच तिथून हुकूम सुटतो, ‘आखड!’ करून बघा. पाय लोंबकळत ठेवून उंच खुर्चीवर बसा. मित्राला गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली हाताच्या कडेने हलकेच टकटक करू द्या. नेमकी जागा सापडली की पाय टुणकन उडतो. तुम्ही न उडवता!

१९६६ मध्ये स्वीडनच्या हागबार्थ आणि एक्लुंड यांनी दाखवलं, की स्नायूला सतत थरथर दिली तर तो असाच आपोआप आखडून राहतो. आखडायला ऊर्जा लागते आणि तिच्यातली बरीचशी उष्णता होते. ऊबदार स्नायू चपळाईने काम करतो.

या फळीवर गुडघे किंचित वाकवून उभं राहतात. पाय ताठ ठेवले तर थरथर थेट डोक्यापर्यंत पोचते! म्हणून जाणकार माणूस जवळ हवाच. शिवाय हृदय आणि फुप्फुसं धावल्याने जशी तयार होतात तशी इथे होत नाहीत, म्हणजे सरांच्या फेऱ्या काही सुटत नाहीत.

थरथरून ऊबदार होणारे पतंगही असतात, हॉक मॉथ नावाचे. त्यांतला मला सगळ्यांत आवडतो तो कण्हेरीच्या पानांवर वाढणारा हिरवा हॉक मॉथ. या पतंगांना यंत्रच लागत नाही. उडण्याआधी ते पंख वर आणि खाली ओढणारे स्नायू जवळजवळ एकदमच आखडतात. त्यामुळे पंख फडफडत नाहीत, नुसते थरथरतात आणि छाती तापत जाते. बऱ्याच हॉक मॉथची तर ३५ अंश सेल्सिअसच्याही पुढे! हवा गार असेल तर यात बरीच मिनिटं जातात. तोवर त्यांना नीट उडताच येत नाही, म्हणून असा थरथरणारा पतंग दिसला तर त्याला डिवचू नका हं.