मोम्बासाचं पाहुणघर

पहाटे 5.00
किसौनीत नळाच्या भरवशावर कुणी पाहुणे बोलवत नाही. पाणी हातगाडीवरून येतं. म्कोकोतेनी म्हणतात तिला. पुढे एक जण ओढतो, मागून एक ढकलतो, मध्ये वीस लिटरचे पिवळे डबे. डब्याचे 30 शिलिंग, जिना चढवायचे वर 10. आज वीस डबे. वहिनी दारात उभ्या राहून मोजतात, झाकण उघडून बोट बुडवतात आणि चव बघतात. इथल्या विहिरींचं पाणी खारट निघतं. ते अंघोळीला चालतं, चहाला नाही. दोन डबे परत जातात, बदलून येतात. 800 शिलिंग मोबाइलवरून, एम-पेसाने. रुपयाला साधारण दीड शिलिंग पडतो. माझ्या डोक्यात दिवसभर तोच हिशेब.

वहिनी नाशिकच्या. नवरा मिशनचा पाळक. तो आठवडाभर वोईला, तिथल्या मंडळींच्या शिकवणीसाठी गेलाय. घर, विद्यार्थी आणि काल रात्री नैरोबीहून रेल्वेने आलेले सहा पाहुणे वहिनींकडे. पाहुणे ओहायोतल्या एका चर्चचे.

6.15
कोपऱ्यावरच्या बाईकडून महामरी आणायची होती. माझ्या हातात डबा देऊन वहिनी म्हणाल्या, "भाऊ, चला, धरायला कुणीतरी हवंच." नारळाच्या दुधात मळलेली, तळून फुगलेली, वेलचीच्या वासाची. एक 10 शिलिंगला. तीस घेतल्या. सोबत म्बाझी, म्हणजे आपल्या तुरी, नारळाच्या रसात शिजवलेल्या. पाहुण्यांपैकी दोघांनी बॅगेतून शेंगदाण्याच्या लोण्याची बाटली काढली. बाकीच्यांनी तुरी दोनदा घेतल्या. एकाने शॉवर कुठे आहे विचारलं. वहिनींनी बादली आणि मग दाखवला, आणि एका माणसाला एक बादली, हेही हसत सांगून टाकलं.

8.00
गाडी आली. ड्रायव्हरला सांगताना "सा म्बिली" सांगावं लागतं, दोन वाजता. इथलं घड्याळ सूर्योदयाबरोबर सुरू होतं, सात म्हणजे एक. पाहुण्यांना मात्र आठच सांगायचं. दोन्ही घड्याळं वहिनींच्या डोक्यात चालतात.

वाटाड्या म्हणून तांत्रिक विद्यापीठातला एक मुलगा. त्याचे दिवसाचे 1,500. पाहुण्यांच्या प्रमुखाला वाटलं होतं की मुलगा सहवासासाठी येतोय. वहिनींनी कालच स्पष्ट केलं, "तो कामावर येतोय." हे मला फार आवडलं.

मुलगा त्यांना आधी फ्रेअरटाउनची घंटा दाखवणार, मग फोर्ट जीझस. घंटेची गोष्ट तो नाशिकपासून सुरू करतो, हे त्याला वहिनींनी शिकवलंय. इंग्रज आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात. त्यातली कित्येक नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, कामधंदा शिकली. मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत शरणपूरचे जेकब वेनराइट होते. 1874 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला ते हजर होते. पुढच्याच वर्षी मोम्बासाजवळ फ्रेअरटाउन ही मुक्त झालेल्यांची वसाहत उभी राहिली. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं. तिथे मिशनकामाचा बराच भार याच "बॉम्बे आफ्रिकन" मंडळींनी उचलला. वहिनींचं माहेर शरणपूर रोडला. तिथल्या शाळेत त्यांना यातलं काही शिकवलं नव्हतं.

9.30
कोंगोवेआचा बाजार. टोमॅटोचे ढीग, कसावा, आंबे, नारळ. वहिनी नारळ कानाशी हलवून घेतात. संध्याकाळी बायबलच्या अभ्यासाला अठरा विद्यार्थी येणार. पाहुणे धरून चोवीस, आम्ही दोघं वेगळी. मैदा, कांदे, म्चिचा म्हणजे माठासारखी पालेभाजी, दोन किलो राजमा. मांस नाही. "पाहुण्यांना घातलं तर मुलांनाही घालावं लागतं," वहिनी म्हणाल्या. टुकटुकवाला 200 म्हणाला, 150 ला आला.

11.30
जिन्यात एक मुलगी बसली होती, तिसऱ्या वर्षाची. फी थकलीय. फी भरल्याशिवाय परीक्षेचं कार्ड नाही. सरकारी कर्जाचा हप्ता आलेला नाही.

वहिनींनी तिच्यापुढे राजम्याचं ताट सरकवलं. दोघी निवडत बसल्या. पैशाचा विषय लगेच नाही. घरी कोण कमावतं, मामाला फोन केला का, विभागप्रमुखाला पत्र दिलं का. दिलं नव्हतं. मग कागद आला. मुलीने लिहिलं, वहिनींनी दोन वाक्यं खोडली. "रडू नकोस पत्रात. रक्कम आणि तारीख लिही." दुसरा मसुदा, तिसरा. शेवटी वहीत नाव घालून 3,000 शिलिंग उसने. वहीत अशी बरीच नावं आहेत. काहींपुढे "परत" लिहिलंय, काहींपुढे काहीच नाही.

हे मार्गदर्शन. पाऊण तास चाललं, आणि राजमा निवडून झाला.

दुपारी 2.00
चादरी. एरवी कपडे धुणारी बाई आठवड्यातून दोनदा येते, पाहुणे असले की रोज. दिवसाचे 800 आणि जेवण. उकाडा इतका की दोरीवरच्या चादरी तासाभरात वाळल्या. वीज प्रीपेड आहे. मीटर वाजू लागला तेव्हा वहिनींनी फोनवरून 500 चं टोकन घेऊन वीस आकडे दाबले. हातात काम नसताना बसल्या अशा त्या याच वेळी, साधारण दहा मिनिटं.

6.45
स्वयंपाकघरात सहा मुलं-मुली चपात्या लाटतायत. इथली चपाती मैद्याची, पदर सोडून वळलेली, तेलात भाजलेली. वहिनींची घडीची पोळी त्यांना कोरडी वाटते. नाशिकच्या बाईला पोळी शिकवणारी पोरं मी पहिल्यांदाच बघितली.

बायबलचा अभ्यास झाला. एका पाहुण्याने दुभाषा मागितला. मुलं हसली, त्यांचं शिक्षणच इंग्रजीतून झालंय. त्याचं भाषण बरंच लांबलं. मग कुणीतरी विचारलं, तुमच्याकडे कॉलेजला किती खर्च येतो? पाहुण्यांतली नर्स म्हणाली, शिकून बरीच वर्षं झाली, कर्ज अजून फेडतेय. खोलीत एकदम गलका झाला. व्याज किती, हप्ता चुकला तर काय, नोकरी गेली तर? सकाळची मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली. माझ्या मते पाहुणे इतक्या लांबून आले ते या अर्ध्या तासासाठी, बाकीचं पत्रानेही झालं असतं.

रात्री 10.20
शेवटची मटाटू, म्हणजे मिनीबस, चुकू नये म्हणून मुलांना नऊलाच पिटाळलं होतं. भांडी झाली. आता हिशेब. पाहुण्यांकडून माणशी 2,500, एकूण 15,000. त्यातून पाणी, बाजार, गाडी, वाटाड्या, धुणं, वीज. उरेल ते घरभाड्यात. मुलीचे 3,000 घरखर्चातून, वेगळ्या पानावर.

मग मिशनला पाठवायचा मासिक अहवाल. किती विद्यार्थी आले, किती पाहुणे आले, एक फोटो. पत्राच्या तीन मसुद्यांना त्यात रकाना नाही.

अहवालाखाली सही पाळकसाहेबांची लागते. मानधनही त्यांच्याच नावावर येतं, कुटुंबाला मिळून एक.