झाऊचे बाबा
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुमच्याशी एका व्हिडिओ गेमविषयी आणि तो खेळणाऱ्यांच्या मतांविषयी बोलणार आहे. हे ऐकून माझ्या वयाच्या काही मंडळींचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल. जरा थांबा. साठी उलटेपर्यंत मीही अशा खेळांना 'ठोकाठोकी' म्हणत आलो आणि घरातल्या मुलांना 'डोळे जातील' एवढंच सांगत आलो. या खेळापर्यंत मी पोचलो तो हौसेनं नव्हे, काळजीपोटी.

दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. त्याचा मुलगा तेव्हा अकरावीत होता. दिवसकार्याच्या दिवसांत पोरानं सगळं नीट पार पाडलं. गुरुजी सांगतील ते केलं, आल्या-गेल्याला पाणी दिलं, आईला धीर दिला. पुढे मात्र त्याचं बोलणंच बंद झालं. कॉलेजातून आला की खोलीचं दार लावून घ्यायचा. एक दिवस माझ्या भावजयीचा फोन आला. म्हणाली, "दादा, तुम्ही एकदा येऊन त्याच्याशी बोला. दिवसरात्र कुठल्याशा आफ्रिकेतल्या मुलाचा खेळ खेळत बसतो."

मी गेलो आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. काय बोलावं ते मलाही सुचेना. पडद्यावर एक तरुण मुलगा डोंगरकड्यांवरून उड्या मारत चालला होता. मध्येच तो थांबला आणि म्हणाला, "बाबा." मी दचकलोच. पुतण्या म्हणाला, "काका, मराठी नाही ते. स्वाहिली भाषेतसुद्धा वडलांना बाबाच म्हणतात." कित्येक आठवड्यांत तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं सबंध वाक्य.

या खेळाचं नाव 'टेल्स ऑफ केन्झेरा : झाऊ'. तो एप्रिल २०२४ मध्ये बाजारात आला. सर्जंट स्टुडिओज या ब्रिटनमधल्या छोट्या संस्थेनं तो तयार केला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीनं, छोट्या संस्थांच्या खेळांसाठी असलेल्या आपल्या उपक्रमातून, तो बाजारात आणला. संस्थेचा संस्थापक अबुबकर सलीम हा केनियन वंशाचा ब्रिटिश नट. २०१७ सालच्या 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स' या गाजलेल्या खेळातल्या नायकाचा आवाज त्याचाच. व्हिडिओ गेमची गोडी त्याला वडलांनी लावली आणि आफ्रिकेतल्या कथाही त्यांनीच सांगितल्या. ते वडील गेले. ते दुःख कुठे ठेवावं हे त्याला कळेना, तेव्हा त्यानं हा खेळ करायला घेतला.

खेळात गोष्टीच्या पोटात गोष्ट आहे. अमानी नावाच्या एका भविष्यातल्या शहरात झुबेरी नावाचा तरुण राहतो. त्याचे वडील नुकतेच वारले आहेत. मागे त्यांनी त्याच्यासाठी लिहून ठेवलेलं एक पुस्तक आहे. ते तो उघडतो आणि आपण झाऊच्या गोष्टीत शिरतो. झाऊ हा शिकाऊ न्गांगा. मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बांटू भाषांमध्ये न्गांगा म्हणजे वैदू, मांत्रिक आणि दुखल्या मनावर उपचार करणारा, असं सगळं एकत्र. झाऊचेही बाबा गेलेले आहेत. तो मृत्युदेव कालुंगाला बोलावतो आणि त्याच्याशी सौदा करतो : तीन बलाढ्य आत्मे मी तुझ्या हवाली करतो, त्या बदल्यात माझे बाबा मला परत दे.

आपल्याला इथे सावित्री आठवणारच. पण सावित्रीनं यमाला शब्दांत अडकवलं. झाऊपाशी शब्दांची ती हुशारी नाही. त्याच्यापाशी आहेत फक्त बाबांकडून आलेले दोन मुखवटे, एक सूर्याचा आणि एक चंद्राचा. सूर्याचा मुखवटा चढवला की तो जवळ जाऊन आगीनं लढतो, चंद्राचा चढवला की लांबून मारा करतो. एका बटणावर मुखवटा बदलतो आणि खेळणाऱ्यानं ही अदलाबदल सतत करत राहायची असते.

खेळाचा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. १९९०च्या सुमारास टीव्हीला जोडून मुलं मारिओ खेळायची, आठवतं? या फळीवरून त्या फळीवर उडी, मध्ये खड्डा, खड्ड्यात पडलात की गेलात. त्याला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. त्याचाच एक पोटप्रकार म्हणजे मेट्रॉइडव्हेनिया. 'मेट्रॉइड' आणि 'कॅसलव्हेनिया' या दोन जुन्या खेळांच्या नावांची ती संधी. त्यात सारा प्रदेश एकाच मोठ्या वाड्यासारखा असतो. काही दारं सुरुवातीला उघडत नाहीत. पुढे एखादी नवी शक्ती मिळते, मग मागे येऊन तीच दारं उघडायची.

आता त्या तीन आत्म्यांविषयी. इम्पुन्डुलू हा झुलू आणि खोसा लोकांच्या कथांमधला विजेचा पक्षी. गागोरिब येतो खोईखोई लोकांकडून. त्यांच्या कथेत हा एका खड्ड्याच्या काठावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतो, मार मला दगड. मारलेला दगड उलटून मारणाऱ्यालाच लागतो आणि तो खड्ड्यात पडतो. किकियाऑन हा पश्चिम आफ्रिकेतल्या गोष्टींमधला घुबडासारखा भयंकर जीव. म्हणजे या गोष्टी एका मुलखाच्या नाहीत. खोईखोई लोकांची भाषा तर बांटू कुळातलीही नाही. आफ्रिका हा पन्नासहून अधिक देशांचा खंड आहे. तेव्हा ही एका खंडाची पुराणकथा नसून अनेक लोकांच्या कथांमधून एका माणसानं स्वतःसाठी जुळवलेली मोळी आहे, असं समजून खेळावं हे बरं.

आणि आता खेळणाऱ्यांची मतं. पुतण्या मला ती वाचून दाखवायचा. खेळाबद्दल बोलणं त्याला सोपं जात होतं, म्हणून मीही विचारत राहिलो.

दोन गोष्टींवर बहुतेकांचं एकमत दिसलं. एक, देखावे. जांभळं आकाश, तापलेली लाल जमीन, किर्र जंगल. पाहतच राहावं असे. दुसरी, संगीत. ते भारतीय वंशाच्या ब्रिटिश संगीतकार नैनिता देसाई यांचं आहे. झाऊची चालही पुष्कळांना आवडली. धावणं, उडी आणि हवेतली झेप एकमेकांत अशी मिसळतात की लढाईचा नाच होतो. खेळ स्वाहिलीतही ऐकता येतो, याचंही अप्रूप होतं.

तक्रारीही तितक्याच ठाम होत्या. पहिली, खेळ छोटा आहे. आठ-दहा तासांत संपतो आणि या प्रकारात लोकांना वीस-तीस तासांची सवय असते. दुसरी, तो फार सरळ रेषेत जातो. वाडा मोठा दिसतो, पण मागे वळून दारं उघडावीत असं त्यात फारसं काही सापडत नाही. तिसरी, लढाया एकसारख्या वाटू लागतात. वाट बंद होते, शत्रूंची एक लाट येते, मग दुसरी, आणि शत्रूंचे प्रकार मोजकेच. चौथी तक्रार सर्वांत कडवट. काही ठिकाणी मागून संकट धावून येतं आणि आपण पळत सुटायचं असतं. तिथे एक पाऊल चुकलं की खेळ खलास, पुन्हा पहिल्यापासून. काट्यांना स्पर्श झाला तरी तेच. एरवी सौम्य असणारा खेळ अशा जागी अचानक दुष्ट होतो, असं अनेकांचं म्हणणं. मीही एकदा हातात घेऊन पाहिला. दहा मिनिटांत अकरा वेळा मेलो. तेव्हा ही तक्रार मला अगदी मान्य आहे.

खरा मतभेद मात्र संवादांवरून होता. झाऊ आणि कालुंगा वाटेत बोलत राहतात : रागाविषयी, भीतीविषयी, गेलेल्या माणसाविषयी. काहींना हे फार उघड वाटलं. दुःख दाखवावं, त्यावर व्याख्यान देऊ नये, असं त्यांचं मत. दुसऱ्या बाजूला असे लोक होते की ज्यांनी खेळाबद्दल लिहायला घेतलं आणि लिहिलं ते स्वतःच्या वडलांबद्दल, आईबद्दल. त्यांना तेच उघड बोलणं हवं होतं, कारण त्यांच्या घरात ते कुणी बोललं नव्हतं.

सुरुवातीला मला वाटलं, यातलं एक मत बरोबर असणार आणि दुसरं चूक. आता तसं वाटत नाही. पहिला माणूस खेळ कसा बांधला आहे ते सांगतो, दुसरा आपण खेळाकडे काय घेऊन गेलो ते सांगतो. घराची भिंत वाकडी आहे हे खरं आणि त्याच घरात मला झोप लागली हेही खरं. दुसऱ्यामुळे पहिलं खोटं ठरत नाही. ज्याला खेळ रडवून गेला त्यानं पाठलागाचे प्रसंग चांगले होते असं म्हणायची गरज नाही आणि ज्याला कंटाळा आला तो दगडाच्या काळजाचा ठरत नाही.

या मतांच्या गर्दीत एक तिसरा आवाजही होता. तो मी मत मानत नाही. खेळातली माणसं काळी, करणारा काळा, एवढ्यावरूनच काहींनी खेळाला आणि सलीमच्या संस्थेला शिव्या घातल्या. २०२४ मध्ये सलीमनं त्यावर जाहीरपणे बोलून खेळाची किंमत उतरवली, अधिक लोकांनी तो खेळून पाहावा म्हणून. मला हे उत्तर आवडलं. गागोरिबच्या खड्ड्याशी बसून त्यानं दगड मारला नाही.

पण चांगल्या उत्तरानं पोट भरतंच असं नाही. त्याच वर्षी संस्थेला आपली काही माणसं कमी करावी लागली. २०२५ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत, करमणुकीपलीकडे काही देणाऱ्या खेळासाठी असलेला पुरस्कार 'झाऊ'ला मिळाला. त्याच वर्षी संस्थेनं 'डेड टेक' नावाचा अगदी वेगळ्या जातीचा भयखेळही काढला. म्हणजे संस्था तेव्हाही उभी होती.

आता पुन्हा त्या खोलीत येतो. खेळात जागोजागी बाओबाबची प्रचंड झाडं आहेत. आपल्याकडे मुंबईत, वसईत जी गोरखचिंच दिसते ना, फुगीर बुंध्याची, तीच. मूळची आफ्रिकेतली. झाऊ त्या झाडाखाली बसतो, बाबांची आठवण काढतो, आणि त्याची जीवनशक्ती वाढते. एका संध्याकाळी पुतण्यानं झाऊला झाडाखाली बसवलं आणि बटणावरचे हात काढून घेतले. म्हणाला, "काका, इथे कुणी अंगावर येत नाही. मी रोज इथे थांबतो."

मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "त्या रात्री हॉस्पिटलमध्ये बाबा मला म्हणाले, तू दमलायस, घरी जा. आणि मी गेलो."

एवढंच. सात-आठ महिने हे वाक्य त्याच्या पोटात होतं. मी त्याला म्हणालो, "अरे, त्याच संध्याकाळी मलाही त्यानं असंच घरी पाठवलं होतं." हे मीही कुणाला सांगितलं नव्हतं. मग आम्ही दोघं बराच वेळ त्याच्या बाबांविषयी, माझ्या भावाविषयी बोलत बसलो. पडद्यावर झाऊ झाडाखाली तसाच बसून होता. भावजय चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

या खेळानं मुलगा बरा झाला असं मी म्हणणार नाही. औषधाची बाटली नव्हे ती. बोलायला तो पुढेही कित्येक महिने अडखळत होता. पण कुठून बोलायला लागावं, ती जागा त्याला खेळात सापडली होती आणि मला ती त्याच्या शेजारी बसल्यावर दिसली. दाराबाहेर उभा राहून 'डोळे जातील' म्हणत राहिलो असतो तर दिसली नसती.

झाऊला त्याचे बाबा परत मिळतात की नाही, ते मी सांगत नाही. खेळणाऱ्यांचा विरस नको. मात्र हे भाषण लिहिताना मी पुतण्याला विचारलं, "बाबा रे, एवढी सगळी मतं वाचून दाखवलीस, तुझं मत काय?" तो आता इंजिनिअरिंगला आहे, तोलून बोलतो. म्हणाला, "खेळ म्हणून दहापैकी सात. लढाया त्याच त्या आहेत आणि फार लवकर संपतो."

मग थोडं थांबून म्हणाला, "दोनदा खेळलो मी."