नाताळचा चित्रपट नेमका कोणता?

नाताळचा चित्रपट ठरवताना अमेरिकेत प्रदर्शनाच्या तारखेला फारसे महत्त्व नसते. सांताक्लॉजची कथा सांगणारा 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' १९४७च्या उन्हाळ्यात पडद्यावर आला, तरी त्याबद्दल कोणाला शंका नाही.

फ्रँक काप्राच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'ची (१९४६) गोष्ट अधिक मजेशीर आहे. दिवाळखोरीच्या धास्तीने नाताळच्या आदल्या रात्री जीव द्यायला निघालेल्या जॉर्ज बेलीला एक देवदूत वाचवतो. मात्र चित्रपटाचा मोठा भाग त्याच्या आधीच्या आयुष्यातच जातो. तिकीटबारीवर तो पडलाच. १९७४मध्ये स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले आणि दूरचित्रवाहिन्या तो डिसेंबरात मनसोक्त दाखवू लागल्या. पाहता पाहता तो घराघरांतला रिवाज झाला. थोडक्यात, कारकुनी चुकीने एक अभिजात चित्रपट घडवला!

खरा वाद 'डाय हार्ड'चा. जुलै १९८८मध्ये आलेल्या या हाणामारीपटात लॉस एंजेलिसच्या उंच इमारतीत नाताळची पार्टी चालू असताना सशस्त्र दरोडेखोर शिरतात. हा नाताळचा चित्रपट नव्हे, असे नायक ब्रूस विलिसने २०१८मध्ये जाहीरपणे सांगितले. पटकथाकार स्टीव्हन डिसूझा यांना ते मान्य नाही.

अशा वेळी एकच कसोटी उपयोगी पडते: नाताळ वगळला, तर कथा उभी राहते का? 'होम अलोन'मधले (१९९०) कुटुंब सुट्टीसाठी पॅरिसला गेलेच नाही, तर मुलगा घरी एकटा कसा राहणार? 'डाय हार्ड'मध्येही पार्टी नसेल तर ओलीस नाहीत, आणि सणासाठी बायकोमुलांकडे आलेला न्यूयॉर्कचा पोलीसही नाही. तेव्हा विलिस काहीही म्हणो, तो नाताळचाच चित्रपट.